पस्तीस टक्के उजेड

पाळक एमॉस रेनफ्रो यांच्या मोटारीच्या काचा ज्या आठवड्यात काळ्या झाल्या, त्या आठवड्यापासून कॉय फ्लीनर याच्या जिवाला स्वस्थता म्हणून राहिली नाही. कॉयने उभा जन्म शाळेची बस चालविली होती. लिंडल गावातील निम्मी माणसे त्याच्या बसमध्ये बसूनच लहानाची मोठी झाली होती. साहजिकच कोणाची गाडी कोणत्या वेळी कोणीकडे जाते, याचे ज्ञान त्याला न मागता प्राप्त झालेले होते. आता तो निवृत्त होता, विधुर होता, आणि बाप्टिस्ट मंडळीच्या, म्हणजे तेथील चर्चच्या, चार डीकनांपैकी एक होता. पाळकाला नेमणे, त्याच्या राहत्या घराची डागडुजी पाहणे, आणि वेळ आलीच तर त्याला निरोप देण्याचा ठराव मंडळीपुढे मांडणे, ही डीकनांची कामे होत.

त्या मुलखात ओसरीवर बसलेला मनुष्य रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक गाडीला हात करतो, आणि गाडीतला मनुष्य स्टिअरिंगवरून एक बोट उचलून त्याची पोच देतो. ओळख असो वा नसो, बोट उचललेच पाहिजे. जो उचलत नाही तो एक तर परका, नाही तर रुसलेला असे समजले जाते. पाळकांची करड्या रंगाची गाडी आता कॉयच्या ओसरीवरून जाई, कॉय हात करी, आणि उत्तरादाखल त्याला काळ्या काचेत आपलीच ओसरी, आपलीच झुलती खुर्ची व आपलाच वर केलेला हात तेवढा दिसे. आत बोट उचलले गेले की नाही, हे कळावयास मार्ग नव्हता.

पहिल्या रविवारी उपासनेनंतर कोणीतरी सहज विचारले, तेव्हा पाळक म्हणाले की उन्हाचा त्रास होतो. ऑक्टोबर महिना निम्मा सरला होता. डोंगरावरची झाडे तांबडी झाली होती आणि सकाळी गवतावर दहिवर पडू लागले होते. हे कारण ऐकून थोरले डीकन होबार्ट मम्पावर यांनी नुसते आकाशाकडे पाहिले. होबार्टचे पेंड व खताचे दुकान होते, आणि त्याच्या वजनकाट्यावर पोत्यांइतकीच माणसेही तोलली जात.

पुढे दुकानाच्या पायरीवर तो कॉयला म्हणाला, “रविवारी उजेडावर प्रवचन देतो तो माणूस, आणि सोमवारपासून अंधारात फिरतो. मला तर काही हे बरं दिसत नाही.”

कॉयलाही ते बरे दिसत नव्हते, परंतु त्याचे कारण निराळे होते, आणि ते तो होबार्टला सांगू शकत नव्हता.

कॉयला एकच मुलगी, डार्ला. वृद्धांच्या शुश्रूषागृहात अंथरुणावरची जड माणसे उचलता उचलता तिची पाठ कायमची दुखावली. डॉक्टरने वेदनेवर गोळ्या दिल्या. पाठ राहिली बाजूला आणि गोळ्यांनीच तिला धरले. त्या मुलखात असे घरोघरी झाले होते, तरी ज्याच्या घरी होई त्याला ते फक्त आपल्याच घरी झाले असे वाटे. डार्लाचा नवरा निघून गेला, तिची लहानगी एम्री हिला सासूने नेले, आणि कॉयने आपल्या दिवंगत पत्नीच्या अंगठीसकट घरातल्या कित्येक वस्तू नाहीशा होताना पाहिल्या. मग एका वसंत ऋतूत मंडळीने तिच्यासाठी अखंड प्रार्थना केली आणि ती सावरली. कॉयने भर उपासनेत उभे राहून, डोळे पुसत, साक्ष दिली की देवाने माझ्या मुलीला एका रात्रीत मोकळे केले. न्यायालयाने एम्रीला परत दिले. मात्र सासू टपून होती. डार्लाच्या नावाला पुन्हा कसलाही डाग लागला, तर मूल जाणार होते, आणि मूल गेले की मागोमाग डार्लाही जाणार, हे कॉय पक्के जाणून होता.

अशा स्थितीत एका गुरुवारी, धुलाईच्या दुकानामागील मोकळ्या जागेतून जात असता, त्याने पाळकांची गाडी उभी असलेली पाहिली. मागचे दार उघडले होते आणि एक स्त्री आत बसत होती. तिचा चेहरा दिसला नाही, फक्त आत जाणारा पाय दिसला. पायात हिरव्या कापडाचा बूट होता. दार लागले आणि काच पुन्हा काळी झाली. तो बूट कॉयने स्वतः डार्लाच्या वाढदिवसाला आणला होता.

डार्ला मोटेलात खोल्या झाडण्याचे काम करी, आणि गुरुवारी आपली पाळी असते असे सांगे. कॉयने मोटेलात दूरध्वनी केला. पलीकडची बाई म्हणाली की गुरुवारी डार्ला कधीच येत नाही, तिनेच तसे मागून घेतले आहे. कॉयने आभार मानून फोन ठेवला. पाळक जेमतेम चाळिशीचे होते. त्यांची पत्नी वारून दोन वर्षे झाली होती. मनुष्य गोड बोलत असे, आणि त्याचा आवाज आजाऱ्याच्या खोलीत बोलावा तसा मऊ होता. इतके दिवस जो आवाज कॉयला सात्त्विक वाटला होता, त्यातच आता त्याला लबाडी ऐकू येऊ लागली.

मुलीला सरळ विचारावे, असे त्याच्या मनात अनेकदा आले. परंतु विचारावे आणि तिने खोटे बोलावे, हे त्याने मागे पुष्कळ सोसले होते. त्या खोटे बोलण्याच्या वेळी तिचे डोळे कसे होत, ते त्याला पुन्हा पाहावयाचे नव्हते. तेव्हा त्याने दुसरा मार्ग धरला.

काचांवर काळी फिल्म चढविणारा स्किप बूहर याचे दुकान मुख्य रस्त्याच्या टेनेसीकडील बाजूस होते. लिंडलचा मुख्य रस्ता टेनेसी व व्हर्जिनिया या अमेरिकेच्या दोन राज्यांत वाटलेला आहे आणि मधला पिवळा पट्टा हीच सीमा. कॉयने आपल्याच गाडीला फिल्म लावावयाची आहे असा बहाणा केला.

“तुम्हाला, कॉयकाका?” स्किप हसून म्हणाला. “त्या गाडीत बघण्यासारखं आहे काय, म्हणून झाकताय? आधी सांगा, झोपता कुठल्या बाजूला? गाडीची नंबरप्लेट कुठली?”

कॉयने व्हर्जिनिया म्हणून सांगितले.

“मग जपून. आमच्याकडं टेनेसीत पस्तीस चालतं. बाहेर शंभर भाग उजेड असेल, तर पस्तीस भाग आत गेला पाहिजे, बस्स. पट्ट्याच्या पलीकडं पुढच्या दोन काचांना पन्नास लागतो. मागच्या काचा तिकडंही पस्तीस चालतात. आता आपला रस्ता बघा. पूर्वेला निघालात की टेनेसी, माघारी आलात की व्हर्जिनिया. गाडी तीच, काच तीच. जाताना तुम्ही सज्जन आणि येताना गुन्हेगार.”

पाळकांच्या गाडीला काय लावलेस, असे कॉयने जाता जाता विचारावे तसे विचारले. स्किपचे हसू जरा कमी झाले. तो म्हणाला की चारी बाजूंनी पस्तीस. पाळक मूळचे टेनेसीतल्या डोंगरातले, बोलणेही तिकडचेच, म्हणून प्लेट पाहावयाचे सुचलेच नाही. मंडळीने दिलेले घर पट्ट्यापलीकडे आहे हे नंतर ध्यानात आले. “तुम्ही कुणाजवळ बोलू नका, काका. भला माणूस आहे तो. चूक माझी आहे.”

कॉय बोलणार नाही म्हणाला, आणि तिथून निघून सरळ आपल्या बहिणीच्या मुलाकडे गेला.

भाचा लॉनी व्हर्जिनियाच्या बाजूस पोलिसात होता. त्या काळी तेथे नुसत्या काचेच्या काळेपणावरून गाडी अडविता येत असे. लॉनीने प्रथम टाळाटाळ केली. पाळकाला अडवून मी गावात तोंड कसे दाखवू, असे तो म्हणाला. त्यावर कॉयने त्याला कायदा सर्वांना सारखा असतो यावर बराच वेळ ऐकविले. अखेर लॉनीने मामाच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले.

“मामा, काचेचं दुखणं नाही हे. तुम्हाला आत काय आहे ते बघायचंय.”

कॉय टोपी उचलून दाराकडे वळला.

“बघून झाल्यावर मला दोष देऊ नका म्हणजे झालं,” लॉनी म्हणाला.

गुरुवारी दुपारी कॉय मुख्य रस्त्यावरील खाणावळीत खिडकीपाशी जाऊन बसला. त्याच्यापुढे घेवड्याची उसळ व मक्याचा पाव ठेवला होता, पण त्याने घास घेतला नाही. वाढणारी बाई विचारून गेली की बिघडलंय का काही, तेव्हा त्याने नुसती मान हलविली. दोन दिवस त्याने ही घटका मनात रंगवून पाहिली होती. काच खाली जाईल, पाळकाचा चेहरा पडेल, आपण बाहेर जाऊन मुलीचा दंड धरू आणि तिला घरी आणू. पुढे मंडळीत काय करावयाचे ते होबार्ट पाहून घेईल. मुलीचे नाव मात्र कोठेही निघू द्यावयाचे नाही, एवढे त्याने ठरविले होते.

करडी गाडी पश्चिमेकडे, म्हणजे व्हर्जिनियाच्या बाजूने, परत येताना दिसली. लॉनीचा निळा दिवा फिरू लागला. गाडी अगदी खाणावळीसमोर कडेला थांबली. काळ्या काचांची गाडी अडविली की आतल्या माणसाने चारही काचा खाली कराव्यात, अशी रीत आहे, कारण त्यामुळे पोलिसाला आत कोण आहे ते दिसते व त्याचा हात कमरेकडे जात नाही. पाळकांनी चारही काचा खाली केल्या. कॉय उठून दारात आला.

मागच्या आसनावर डार्ला होती. तिच्या मांडीवर पिन मारलेली पांढरी कागदी पिशवी होती. आणि तिच्या शेजारी, तशीच पिशवी छातीशी धरून, व्हेस्टा मम्पावर बसली होती. थोरल्या डीकनांची पत्नी, जी दर रविवारी मंडळीत पियानो वाजवी, आणि जिच्या केसांची एक बटही कोणी कधी हललेली पाहिली नव्हती. कॉयला पाहताच व्हेस्टा काहीतरी खाली पडल्यासारखी वाकली आणि वाकलेलीच राहिली. डार्ला वाकली नाही. तिने बापाकडे पाहिले, त्याच्या छातीला अजून खोचलेला खाणावळीचा रुमाल पाहिला, लॉनीकडे पाहिले, आणि ही भेट कोणी घडवून आणली हे तिला समजले.

लॉनीने पुढच्या-मागच्या काचांना उजेड मोजण्याचे यंत्र लावले. काचेचा मूळचा रंग व फिल्म मिळून कोठेच पस्तीसही भरले नाहीत. त्याने दंडाचा कागद फाडून दिला व अमुक दिवसांच्या आत फिल्म काढून गाडी दाखवावी असे सांगितले. पाळक ‘बरं’ म्हणाले. सगळा प्रकार इतक्या शांतपणे झाला की पलीकडच्या पदपथावरून जाणाऱ्यांनी पाऊलही थांबविले नाही.

कॉयच्या मनातला पहिला संशय त्या दारातच मेला. व्हेस्टाला बरोबर घेऊन कोणी असली पापे करावयास जात नाही. परंतु तो मेला त्याच जागी दुसरा उभा राहिला, आणि तो पहिल्याहून थंडगार होता. त्या पिशव्यांत काय होते?

घरी डार्लाने ते त्याने न विचारताच सांगितले. स्वयंपाकघरातील मेजावर तिने पिशवी ठेवली आणि फाडली. आत औषध होते. टेनेसीत पुढल्या गावी, गाद्यांच्या दुकानामागे, गोळ्यांच्या व्यसनातून सोडविणारा दवाखाना होता. दर गुरुवारी तेथे जावयाचे, तपासणी करून घ्यावयाची आणि आठवड्याचे औषध आणावयाचे. ते घेतले की अंगातली ती भूक झोपून राहते. वसंत ऋतूपासून हे चालू होते.

कॉय म्हणाला, “म्हणजे एक सोडलंस आणि दुसरं धरलंस.”

हे वाक्य त्याचे स्वतःचे नव्हते. होबार्ट असेच म्हणत असे, मंडळीतले पुष्कळ लोक म्हणत, आणि आजवर ते त्यालाही शहाणपणाचे वाटत आले होते.

डार्ला जराही चिडली नाही. “मला ठाऊक होतं तुम्ही हेच म्हणाल. म्हणून तर नाही सांगितलं.” मग थोडे थांबून ती म्हणाली, “बाबा, तुम्ही सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलंत, देवानं एका रात्रीत केलं म्हणून. लोक रडले. मला मिठ्या मारल्या. मग हे औषध मी कुठं ठेवायचं होतं?”

कॉयने मेजावरचे औषध उलटेसुलटे करून पाहिले. त्याने विचारले की पाळक यात कसे पडले. ती म्हणाली की त्यांच्या बायकोने हे औषध घेतले नाही, लाजेपायी. त्यापुढे तिने काही सांगितले नाही आणि कॉयनेही विचारले नाही. त्यांची बायको हृदय बंद पडून गेली, असेच गावात सर्वांना ठाऊक होते.

व्हेस्टाच्या गोळ्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर सुरू झाल्या होत्या. गुरुवारी बहिणीकडे जाते असे ती होबार्टला सांगे. दवाखान्याच्या दारात कोणाची गाडी उभी असते, हे लोक लक्षात ठेवतात. डार्लाच्या सासूची एक मैत्रीण अलीकडे समोरच्याच दुकानात कामाला लागली होती. म्हणून पाळकांनी काचा काळ्या करून घेतल्या होत्या.

“आता काचा उघड्या होणार,” डार्ला म्हणाली. “मी नाही जायची. व्हेस्टाकाकू तर आताच नको म्हणाली. गाडीत थरथरत होती ती. पुढच्या गुरुवारपर्यंत पुरेल एवढं आहे. मग बघू.”

ते ‘मग बघू’ कॉयने पूर्वी ऐकले होते. त्यानंतर काय होते तेही त्याने पाहिले होते. त्या रात्री त्याने प्रार्थनेला गुडघे टेकले, आणि आयुष्यात प्रथमच त्याला काय मागावे ते कळेना.

दुसऱ्या दिवशी मंडळीच्या अंगणात पाळक बाह्या सारून फिल्म काढीत होते. साबणाचे कोमट पाणी शिंपडावयाचे, पात्याने कडा उचलावयाची आणि हळूहळू ओढावयाचे. तरी ती चिंध्या होऊनच निघत होती. कॉय जवळ जाऊन उभा राहिला. 

“ब्रदर, ते पाणी जरा इकडं ओता,” पाळक म्हणाले.

कॉयने ओतले. दोघांनी मिळून एक काच साफ केली. मग कॉय म्हणाला की तुम्ही मला विश्वासात घ्यावयास हवे होते. पाळक म्हणाले की ती गोष्ट आपल्या मालकीची नव्हती. आणि पाते पुसता पुसता, त्याच मऊ आवाजात, ते म्हणाले, “कुणीतरी पोलिसांना कळवणार हे धरून चाललो होतो मी. तुम्ही असाल असं नव्हतं वाटलं.”

मग त्यांनी बातमी दिली की होबार्ट बुधवारच्या सभेत ठराव आणणार आहे. पाळकाच्या वर्तनाविषयी मंडळीचा विश्वास उरलेला नाही, सबब त्याने घर रिकामे करावे. कॉय खाणावळीच्या दारातून गाडीत पाहत होता एवढेच होबार्टच्या कानी आले होते, आणि साक्षीदार म्हणून त्याने कॉयचे नाव परस्परच धरले होते. पाळक आपल्या बचावात एकही शब्द उच्चारणार नव्हते, कारण उच्चारावयाचा तर दोन बायकांची नावे सांगावी लागली असती.

कॉय तेथून निघाला तो थेट स्किपच्या दुकानात गेला. मंगळवारी त्याची गाडी दुकानातून बाहेर पडली तेव्हा तिच्या मागच्या काचा काळ्या होत्या आणि पुढच्या काचांना हातही लावलेला नव्हता. स्किपने यंत्र लावून दाखविले. मागे पस्तीस भरत होते. व्हर्जिनियातही ते कायद्यात बसत होते. स्किपने कारण विचारले नाही. त्याच्या दृष्टीत मात्र संशय तरळून गेला, आणि तो कॉयने पाहिला.

बुधवारी संध्याकाळी सभेला नेहमीपेक्षा जास्त माणसे आली. व्हेस्टा पियानोपाशी बसली होती, तिचे हात मांडीवर घट्ट मिटलेले होते. डार्ला अगदी शेवटच्या बाकावर होती. होबार्टने ठराव वाचला आणि दुकानात बोलावे तशा साध्या स्वरात म्हणाला की ब्रदर कॉयने गाडीच्या आत डोळ्यांनी पाहिले आहे, तर त्याने आता मंडळीला सांगावे.

कॉय उभा राहिला. ज्या जागी त्याने वसंत ऋतूत साक्ष दिली होती, तीच ही जागा होती. तेथे उभा राहून तो कधी खोटे बोलला नव्हता. अज्ञानाने बोलला असेल, पण जाणूनबुजून नाही.

“गाडीत काही नव्हतं,” तो म्हणाला.

“काही नव्हतं?” होबार्ट म्हणाला. “मग पोलीस कुणी लावला मागं? लॉनी तुझाच भाचा ना?”

“मीच लावला.”

“का?”

“कारण पाळकांना माझी एक गोष्ट ठाऊक आहे,” कॉय म्हणाला. “मीच त्यांना सांगितली होती. गुरुवारी ते माझ्याच कामासाठी जात होते. मला भीती वाटली की ते कधीतरी बोलतील. म्हटलं, त्याआधी यांनाच घालवावं. तो संशय सगळा मी उठवलेला आहे.”

मंडळीत हालचाल झाली. पाळक उठू लागले, तेव्हा कॉयने त्यांच्याकडे न पाहताच हात करून त्यांना बसविले.

होबार्टने त्याला पोत्यासारखे वर-खाली तोलले. “म्हणून तुझ्याही गाडीच्या मागच्या काचा काल काळ्या झाल्या. काय गोष्ट आहे, कॉय? बाटली? बाई?”

“ते मी नाही सांगणार. यापुढं माझं काम मी करीन, गुरुवारी मीच जाईन. डीकनपद घ्या काढून, मी तक्रार करत नाही. पण या माणसाला घालवू नका.”

वाईट सांगितले की लोकांना पुरावा लागत नाही, हे कॉयला त्या क्षणी दिसून आले. कोणीही आणखी काही विचारले नाही. बसमध्ये त्याच्या मागे बसून ज्यांनी शाळा केली होती ते पुरुष आपल्या बुटांकडे पाहू लागले, आणि बायका एकमेकींकडे. हात वर करून मते घेतली तेव्हा ठराव पडला. नंतर दुसरा ठराव आला आणि कॉयचे डीकनपद गेले. दुसऱ्या ठरावाला हात जास्त होते. व्हेस्टाचाही हात वर गेला, कारण नवऱ्यासमोर तो खाली ठेवणे तिला शक्य नव्हते. डार्ला बाकावर नव्हती. ती मधेच उठून बाहेर गेली होती.

तो बाहेर आला तेव्हा ती त्याच्या गाडीपाशी उभी होती. ती म्हणाली, “बाबा, त्यांना खरं वाटलं.”

“वाटू दे. उद्या किती वाजता निघायचं?”

दुसऱ्या दिवशी तो एकटा पुढे बसला, उघड्या काचेमागे, साऱ्या जगाला दिसेल असा. धुलाईच्या दुकानामागे डार्ला आणि तिच्यामागून, तिचा निरोप मिळाल्यावर आलेली, डोक्याला रुमाल बांधलेली व्हेस्टा मागच्या आसनावर शिरली. मुख्य रस्त्यावर ओसऱ्या नसतात, दुकाने असतात, आणि दुकानांच्या काचांमागची माणसे त्या सकाळी मान वळवून त्याची गाडी कोणीकडे जाते ते पाहत होती. टेनेसीच्या बाजूने तो पूर्वेकडे चालला होता. सिग्नल लाल झाला तसा तो थांबला.

समोरून, पट्ट्यापलीकडे व्हर्जिनियाच्या बाजूस, होबार्टचा खताचा ट्रक येऊन उभा राहिला. दोघे चालक अगदी खिडकीला खिडकी लागून आले. मध्ये फक्त तो पिवळा पट्टा होता. होबार्टने आपली काच खाली केली. नाइलाजाने कॉयनेही केली.

“निघालास?” होबार्ट म्हणाला.

“गुरुवार आहे.”

होबार्टची दृष्टी मागच्या काचेवर गेली व तेथे थांबली. दिवस ढगाळ होता. काचेत त्याचा स्वतःचा ट्रक दिसत असावा, आणि त्याच्याआड आणखीही काही दिसत असेल किंवा नसेल. पस्तीस भाग उजेड आत जात होता. एवढ्यात माणूस ओळखू येतो की नाही, हे कॉयने स्किपला विचारलेच नव्हते. त्याने आरशात पाहिले नाही. मागे श्वासाचाही आवाज नव्हता.

“मागं कुणी आहे का?” होबार्टने विचारले.

“असतं तर तुला सांगितलं असतं का?”

होबार्टने मान हलविली. त्यात तिरस्कार होता, आणि कॉयला आश्चर्य वाटले की थोडी कीवही होती. “माणूस असा खालावतो. व्हेस्टा तर काल जेवली नाही. म्हणाली, कॉयसाठी रोज प्रार्थना करीन.”

“पोचते म्हणावं,” कॉय म्हणाला.

दिवा हिरवा झाला. कॉयने गाडी पुढे घेतली. बरेच अंतर गेल्यावर मागून एक हुंदका ऐकू आला. तो कोणाचा होता हे त्याने वळून पाहिले नाही. बाहेरच्या आरशात मात्र त्याची नजर गेली. हिरवा दिवा लागून कितीतरी वेळ झाला होता, मागच्या गाड्या भोंगे वाजवीत होत्या, आणि होबार्टचा ट्रक अजून तेथेच उभा होता.